चौथा ट्रॅक, एकोणीस मिनिटं

माझा धंदा मंडप-साउंडचा.
लग्नं, दशावतार, निवडणुकीत दोन्ही पक्ष.
मेटल मला कळत नाही, आधीच सांगतो.
पण वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
त्या पोरांनी जे केलं, त्याचे माइक मी लावले.
भाडं अजून यायचंय.
बोलतोय मी, कारण ते चौघे बोलत नाहीत.

कारखाना निवडला घुमण्यासाठी.
मधल्या रिकाम्या टाकीत खोकलं
तर खोकला खाली उतरून, फिरून,
जरा म्हातारा होऊन वर यायचा.
अमोनियाचा वास पंधरा वर्षांनीही तिथेच.

निळू सारंगने गिटारच्या तारा इतक्या सैल सोडल्या
की कपडे वाळत घालावेत.
मुनाफचा बेस कानाला नाही, मांडीला लागे.
ड्रमवर भालू तारी.
आणि गाणारा बस्त्याव, चर्चच्या क्वायरमधला,
ज्याचा थोरला भाऊ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात
ट्रॉलरवर गेला
आणि ट्रॉलर परत आला.

पुरायला काही नव्हतं.
पाद्रींनी प्रार्थना म्हटली, लोक घरी गेले,
आई त्याचे शर्ट इस्त्री करत राहिली.

तीन गाणी झाली. लांब, काळी,
देवाला नावानिशी हाका मारणारी.
चौथं काही केल्या बसेना.
भालू मिनिटाला साठ ठोके वाजवी, मग पन्नास,
मग सेहेचाळीस, इतके हळू
की दोन ठोक्यांमध्ये मी विडी पेटवून घ्यायचो.
बस्त्याव मान हलवी. नाही.

तिसऱ्या रात्री दारात सोमा तांडेल.
त्याला वाटलं कारखाना सुरू झाला.
उभ्याने ऐकलं सगळं, कानावर हात न ठेवता.
आता शिवी येणार, मी फेडर खाली घेतला.
तो म्हणाला,
"एवढी घाय कित्याक? जाळा फाटतला."

मग त्याने दाखवलं, सिमेंटवर, अनवाणी.
रापणीचा दोर कमरेला, टाच वाळूत.
"लाट येता तेव्हा वडायचा.
जाता तेव्हा नुसता धरून ऱ्हवायचा."

भालूने एक ठोका दिला
आणि धरून राहिला.
पत्र्याचे गंजके साचे थरथरत राहिले,
एकेकाळी ज्यात बर्फाच्या लाद्या होत.
मग दुसरा.

बस्त्यावने लिहून आणलेली चार कडवी घडी करून खिशात घातली.
एकच शब्द ठेवला.
ओढ.
एकोणीस मिनिटं तेवढाच.
कधी सांगितल्यासारखा, कधी विनवल्यासारखा,
कधी नुसतं आपल्याला काय होतंय त्याचं नाव घ्यावं तसा.
कुणाला म्हणतोय, मी विचारलं नाही.
दोराच्या त्या टोकाला कोण आहे
हे रापण ओढणाऱ्यालाही दिसत नसतं.
वजन तेवढं कळतं.

संपलं तेव्हा ओहोटी लागली होती.
कुणी टाळी वाजवली नाही.
सोमा तांडेलच्या मुठी अजून आवळलेल्या,
हातात काही नव्हतं.

अल्बमच्या तीनशे प्रती निघाल्या.
फिनलंडहून कुणी दोन मागवल्या,
गावात अकरा गेल्या.
एक बस्त्यावच्या आईने घेतली, पैसे देऊन.
तिच्याकडे लावायला मशीन नाही.
शर्टांच्या कपाटात ठेवलीय म्हणतात.

आणि मी, पाहुणे यायच्या आधी, रिकाम्या मांडवात
साउंड तपासायला चौथा ट्रॅक लावतो.
डालडाच्या डब्यातलं पाणी वर्तुळं धरतं.
सतराव्या मिनिटाला सोमा तांडेल खोकतो.
निळू म्हणाला होता, काढून टाक. मी काढला नाही.
गेल्या शिमग्यात तो गेला.

आचारी मागे वळून विचारतो, कोण आला?
कोणी नाही, मी म्हणतो,
आणि आवाज थोडा वाढवतो.