कुठे मिळाली, विचारायचं नाही

शाळेच्या तळघरात, स्की ठेवायच्या खोलीत माझं टेबल.
वजनकाटा, चाकू, मऊ ब्रश, पावतीपुस्तक कार्बनसकट.
मंगळवार, गुरुवार, शनिवार. पाच ते सहा.
ऑगस्ट सरल्यापासून बर्फ पडेपर्यंत
जंगलातून जे टोपलीत येतं
ते लोक आधी माझ्यासमोर ओततात.

मी मेंगा. बावीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं,
आता अळंबी वाचते.
ही खा. ही खा, पण वाइनसोबत नको.
ही नुसती कडू, तुम्हाला नाही मारणार, रस्सा मारेल.
आणि ही, हिरवट टोपीची,
तळाशी पांढरी पिशवी घालून गुपचूप उभी,
हिच्यापायी अख्खी टोपली बादलीत.
चवीला छान लागते म्हणे.
म्हणणारे दवाखान्यातून म्हणाले होते.

एक नियम कुठल्या कागदावर नाही, माझा मीच केलाय:
कुठे मिळाली, विचारायचं नाही.
इथली माणसं दारू चढल्यावर बँकेतला आकडा सांगतील,
अळंबीची जागा सांगणार नाहीत,
बाप लेकाला नाही, बायको नवऱ्याला नाही.

विचारावं लागतच नाही पण.
लार्चची सुई चिकटली असेल तर वरची कुरणं.
ओलं शेवाळ, काळी माती: ओढ्यापलीकडचा उतार.
शेळीची लेंडी: गिआन पित्शेनचं कुंपण ओलांडलंय कुणीतरी.

ओर्सिना काव्हिएत्सेल दर ऑक्टोबरात आणायची
काळ्या तुताऱ्या.
जर्मनमध्ये त्यांना मेलेल्यांच्या तुताऱ्या म्हणतात.
"मेलेल्यांना मी लोण्यात परतते," ती म्हणायची.
जळक्या कागदाच्या पुंगळ्यांसारख्या, पातळ, पोकळ.
आणि पोकळ वस्तूत जागा साठत जाते.
मी एकेक उभी चिरायची. आतून पडायचा
बीचच्या पानांचा चुरा
आणि चुन्याचे खडे, भाजलेले.
भाजलेला चुना या खोऱ्यात एकाच ठिकाणी सापडतो.
मी ब्रशने झाडून टाकायची.
ती माझ्या ब्रशकडे बघायची, मी पावती फाडायची.
असे तेरा शरद.

यंदा रिश येतो. तिची टोपली, तिचाच वाकडा चाकू.
जन्मभर चेअरलिफ्टची चाकं दुरुस्त केलेला माणूस,
अळंबीतलं ओ की ठो कळत नाही.
पहिल्या शनिवारी आणल्या लाल, पांढऱ्या ठिपक्यांच्या.
दुसऱ्या शनिवारी लाकडासारखं काहीतरी, लाकूडच होतं बहुतेक.
तिसऱ्यांदा टोपली रिकामीच पुढे केली.
"तपासून दे," म्हणाला, आणि हसला नाही.

तेव्हा मी हवापाण्याचं बोलावं तसं बोलून गेले:
जुन्या चुनाभट्टीकडे म्हणे पाय फार घसरतो सध्या.
बूट चांगले घालत जा.
"मी कशाला जातोय तिकडे," तो म्हणाला.

रात्री झोप लागेना.
बावीस वर्षांत एकही पाकीट फोडलं नव्हतं मी.
उजेडासमोर धरूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

काल आला. रुमालात सात तुताऱ्या.
"पहिली दिसेपर्यंत एकही नव्हती," एवढंच बोलला.
मी चिरल्या. टेबलावर खडे पडले, टक, टक.
ब्रश हातात होता, तो खाली ठेवला.
रिशने बोट जिभेला लावलं, ओलं केलं,
एक खडा उचलला आणि बराच वेळ
दिव्याखाली धरून राहिला,
चेअरलिफ्टचा निसटलेला बारका स्क्रू सापडावा तसा.

"तुला ठाऊक होतं."

बेचाळीस ग्रॅम, मी लिहिलं. खाण्यास योग्य.
तारीख घातली. कार्बन उलटा लागला होता,
पुन्हा लिहावी लागली पावती.

दारात झ्युरिकचं एक जोडपं ताटकळत होतं,
प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेली अडीच किलो अळंबी.
बाई उत्साहाने सांगू लागली, कुठे मिळाली ते,
पार्किंगपासून डावीकडे, मग बाकाच्या मागे.
मी म्हटलं, बाई, हळू.
ऐकतंय ना सगळं गाव.