पावणेबाराचं विमान

काउंटरवर बसून मला एकोणीस वर्षं झाली.
लोक विचारतात, हामरफेस्ट ते ट्रॉम्सो किती लांब?
मी सांगते, नाकासमोर दोनशे अकरा किलोमीटर.
रस्त्याने साडेपाचशेच्या घरात,
कारण समुद्राने इथे जमिनीत जिभा घालून ठेवल्यात
आणि रस्त्याला प्रत्येक जिभेपाशी
आत जाऊन, वळून, पुन्हा बाहेर यावं लागतं.
विमानाला बेचाळीस मिनिटं.
वाऱ्याच्या मनात असेल तर.
नसेल तर दोन दिवस आणि वर एक फुकटचं वॅफल.

आन्ते उत्सीने मला अंतर कधीच विचारलं नाही.
बहात्तरीचा माणूस, रेनडियर आता धाकट्याच्या नावावर,
घशात गाठ.
सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं, सात आठवडे.
पहिल्या शुक्रवारी परतला तो थेट माझ्यासमोर.
बाकीचे बॅगांकडे गेले.
आवाज अर्धा गेलेला, त्यामुळे मी पुढे वाकले.
म्हणाला, वर आहे तो.
कोण?
त्याने काचेबाहेर बोट दाखवलं.
बाहेर दुपारचे दोन आणि जानेवारी,
धावपट्टीचे दिवे, तारेच्या कुंपणामागे बर्फ,
नोव्हेंबरपासून कुणीही न पाहिलेला सूर्य.
जाताना दिसला, म्हणाला. डाव्या बाजूला. ट्रॉम्सोच्या अलीकडे.
मग खिशातून घड्याळ काढलं, जणू पावती दाखवतोय.
चार मिनिटं.

दुसऱ्या सोमवारी बिरेत सोबत होती.
तिचं तिकीट जायचं आणि त्याच विमानाने यायचं.
तिने माझ्याकडे तक्रार केली, नवऱ्याकडे नाही:
एवढे पैसे घालून जायचं, उतरायचं, लगेच चढायचं?
तो काय, आठवड्याने गावात येणारच आहे.
फुकट.
आन्तेने कार्ड पुढे सरकवलं.
घसा बसला होता त्याचा.
की बोलायचं नव्हतं, मला ठाऊक नाही.
मी त्यांना डावीकडच्या दोन जागा दिल्या,
एकामागे एक, दोघांनाही खिडकी.
एकमेकांशेजारी नको का, मी विचारलं.
बिरेत म्हणाली, त्रेचाळीस वर्षं शेजारीच बसलोय.

विमान वेळेवर उडालं. वेळेवर पोचलं.
माझ्या तक्त्यात निघाल्याची वेळ असते, पोचल्याची असते,
उशिराचं कारण लिहायला रकाना असतो: वारा, बर्फ, पक्षी, तांत्रिक.
मधल्या वेळेला रकाना नाही.
मी तो कधी मागितलाही नाही.
एकोणीस वर्षांत दुपारच्या विमानात मी बसले नाही,
दुपारी माझी ड्यूटी असते.

पावणेदोनला ती परतली, एकटी.
जिन्यावरून उतरली, वारा आडवा,
सगळे टोप्या धरून पळत आत येत होते.
ही चालत आली.
एक हात डोळ्यांवर धरलेला,
उन्हातून येणारं माणूस धरतं तसा,
त्या निळ्या काळोखात.
आत आल्यावरही तिने तो लगेच खाली घेतला नाही.

कसं काय? मी विचारलं.
कॉफी गार होती, म्हणाली.
मग टॅक्सी न बोलावता
भिंतीजवळच्या बाकावर तासभर बसून राहिली,
कोटाची बटणं लावलेली, पर्स मांडीवर,
कुणीतरी नाव पुकारेल म्हणून थांबावं तशी.

संध्याकाळच्या विमानाला एक पोरगा आला,
तेलाच्या टाक्यांवर काम करणारा, पाठीवर सॅक.
कुठलीही जागा चालेल, म्हणाला.
मी त्याला डावी खिडकी दिली.
बाहेर मिट्ट अंधार होता.