जमेच्या बाजूला

कोषागारात एकतीस वर्षं काढली मी,
ग्वाल्हेरचे पेन्शनर मला अक्षरावरून ओळखत.
आता दौलतगंजच्या माडीवर
एकच वही उरलीय, लाल कापडी पाठीची,
आणि तिच्यात आजाऱ्यांना नावं नाहीत.
नंबर आहेत. नंबरापुढे गाव. गावापुढे भाडं.

गोळ्या सरकार फुकट देतं.
वर्गणी मागायला गेले की पहिलं वाक्य हेच:
अहो, त्या तर फुकट मिळतात ना?
मिळतात.
जयारोग्यच्या खिडकीवर मिळतात, दुपारी दोनपर्यंत.
खिडकीपर्यंतचा रस्ता फुकट नाही.
भिंडहून येताना एकशे तीस, जाताना एकशे तीस,
बुडालेली मजुरी वेगळी,
आणि शेजारणीला सांगायचं खोटं,
त्याला माझ्याकडे रकाना नाही.

सबलगडची छोटी गाडी धावत होती
तोवर सतरा नंबर टपावर बसून यायचा.
ती बंद पडली तेव्हा सगळं गाव हळहळलं,
जुने फोटो निघाले, शिट्टीच्या आठवणी निघाल्या.
मी सतरापुढचं शून्य खोडलं
आणि बसचं भाडं लिहिलं.

ऑक्टोबरात खिडकीवरचा माणूस म्हणाला,
वरून माल आला नाही,
महिन्याच्या नाहीत, दहा दिवसांच्या घेऊन जा, परत या.
परत या.
अठ्ठावीस माणसं, दोन जादा खेपा.
त्या दोन शब्दांची किंमत माझ्या वहीत
चौदा हजार पाचशे साठ.

म्हणून गेले मंडळाच्या बैठकीला.
गणपतीचे अकरा हजार शिल्लक होते, मला माहीत होतं,
हिशेब मीच तपासला होता.
पोहे झाले. विषय निघाला.
दिघ्यांनी चष्मा पुसला. पण त्यांना झालं कशानं?
म्हणजे ज्यांचा काही दोष नाही,
बायका, पोरं वगैरे,
अशांची यादी वेगळी काढता येईल का?

मी म्हटलं, एकतीस वर्षांत
पेन्शन देताना मी कुणाला विचारलं नाही
आयुष्य कसं घालवलंत म्हणून.
हयातीचा दाखला मागायचे फक्त.
आहात ना? मग करा सही.

कुणी हसलं नाही.
विचार करू, असं ठरलं.
मग मांडवाच्या दिव्यांवर पाऊण तास चर्चा झाली.

जिन्यात टेंब्यांची सून मागून आली,
पाचशेची घडी हातात कोंबली. नाव नको, म्हणाली.
दोन पायऱ्या उतरून थांबली: माझा मामा...
पुढचं ती बोलली नाही,
मीही मागितलं नाही.
पावतीवर लिहिलं: एक सद्गृहस्थ.
घरी येऊन खोडलं. सद्गृहस्थ कशाला? ती होती.

जानेवारीत धुकं एवढं
की बाड्यावरचं पोस्टाचं घड्याळ दिसेना.
सतरा नंबर दारात उभा, कान मफलरीत,
मुठीत मोजके एकशे चाळीस.
येताना ट्रकवाल्यानं फुकट आणलं म्हणे.
दीदी, ये बच गए.
ठेव म्हटलं. चहा पी, गजक घे पोरीसाठी.
गजक घेतली. पैसे ओट्यावर ठेवले,
वर पाण्याचा पेला, उडू नयेत म्हणून.

वही उघडली.
खर्चाच्या बाजूला नुसते नंबर,
जमेच्या बाजूला नुसती आडनावं,
पाच वर्षांत एकाही नंबरानं मधली रेघ ओलांडली नव्हती.
थंडीनं पेन उमटेना. दोनदा फुंकर घातली.
सतरा. सबलगड. जमा एकशे चाळीस.

तो उंबऱ्यातून विचारत होता,
पुढची तारीख महिन्याची, की परत दहाच दिवस?
मला माहीत नव्हतं.