वरदेच्या अलीकडे

आमच्या राजाला समुद्र होता,
हे सांगितलं की पोरं हसतात.
या काळ्या मातीत पाणी म्हणजे
वरदेचा डोह, नाहीतर पाटलाची विहीर.
पण मी पाहिलाय. तीन वेळा.
कमरेला कटकेची थैली, हातात घुंगरांची काठी,
आणि पायांखाली अचानक संपलेली जमीन.
येताना ओंजळभर कवड्या आणल्या,
तिकडच्या बाजारात त्या चालायच्या,
मिठाला, माशाला, देवापुढच्या ताटात.

चार थैल्या असायच्या.
हैदराबादेची किनखापाची,
पुण्याची लाल,
बऱ्हाणपुरावरून शिंद्यांकडे जाणारी मेणकापडातली,
आणि कटकेची, साधी, घामाने खारवलेली.
कुणाला पोशाख धाडायचा, कुणाला डोळे वटारायचे,
कुणाला नुसतंच ‘विचार करतो’ म्हणून दोन पावसाळे झुलवायचं,
सगळं माझ्या कमरेला लटकलेलं.
मला अक्षर येत नव्हतं, वजन कळायचं.
धमकी हलकी असते.
मनधरणी जड.

अडगावला मी नव्हतो.
तिथून जे उरून आलं, ते पैकू ढिवराने नावेतून उतरवलं.
पौर्णिमा नुकतीच सरलेली.
पागोट्यांत जोंधळ्याची पाती अडकलेली,
बंदुका नाहीत,
एकाच्या मुठीत बैलाची वेसण, बैल नाही.
“कोणीच बोले ना बाप्पा,” पैकू सांगतो,
“म्या उतराई बी नाई मागतली.
नाव भरली का सोडली, भरली का सोडली.”
सोळा दिवसांनी गाविलगड पडला.
त्यानंतर दोनच दिवसांत कागद झाला.

कागदात काय होतं ते माझ्या पायांना कळलं.
कटकेची वाट बंद.
वरदेपलीकडचं वऱ्हाड निजामाचं.
हैदराबादेशी तंटा झालाच,
तर खरं कुणाचं ते टोपीकर सांगणार.
त्यांच्या वैऱ्याला आपण चाकरीत घ्यायचं नाही,
मग तो आपला कितीही चांगला गोलंदाज असो.
थैली एकच राहिली,
वाड्यापासून साहेबाच्या बंगल्यापर्यंत.
त्या वाटेवर वाघ नाही. घुंगरं कशाला?

पत्राचा मायना मात्र लांबत गेला.
त्र्यंबक कारकून शाईवर वाळू टाकता टाकता म्हणाला,
“मुलूख आखूड झाला की बिरुदं जास्त लिहावी लागतात.”
मग इकडेतिकडे बघितलं,
आणि वाळू झटकली.

मी गावी आलो.
परवाच्या साली पलीकडची एक म्हैस
पोहत आली आणि आमच्या तुरीत शिरली.
पूर्वी असतं तर दोन पाटील पैकूच्या नावेत बसले असते,
एक पान, दोन शिव्या, मिटलं.
आता ती परमुलखातली म्हैस.
पाटलाने नागपूरला लिहिलं,
नागपूरने साहेबाला, साहेबाने हैदराबादच्या साहेबाला,
त्याने निजामाच्या दिवाणाला.
म्हैस तोवर आमच्या गोठ्यात व्याली.
पारडू कुणाचं, हे अजून ठरायचंय.

कवड्या उरल्यात अकरा.
नातू झिबल त्या घेऊन घाटावर डाव मांडतो.
पोरांनी एक नियम काढलाय,
हरला त्याने पुढचा डाव कुणाशी खेळायचा,
ते जिंकलेल्याला विचारायचं.
कुणी शिकवलं, विचारलं, तर खांदे उडवतात.
“खेयाचं असते तसंच, आबा.”

संध्याकाळी पैकू नाव सोडताना हाक देतो,
“येता का पल्याड?”
पल्याड माझी लेक दिलीय, जायला हवं.
उठतो,
आणि हात आधी कमरेकडे जातो.