पाटीवरचं खालचं नाव

गावाच्या वेशीवर पाटी आहे, दोन नावांची.
वरचं नॉर्वेजियन, आमचं.
खालचं सामी, नीलासच्या घरचं,
ज्यात एक अक्षर असं आहे
की श्वास जरा अडवून धरावा लागतो.
त्या खालच्या नावाला अकरा भोकं होती.

नोव्हेंबरात सूर्य बुडतो तो जानेवारीतच उगवतो.
शाळेची बस अंधारात न्यायची, अंधारातच आणायची.
मागच्या सीटवर नीलास माझ्या तळहातावर
पेनानं रेनडियरच्या पाडसाचा कान काढायचा.
"इथे एक खाच, इथे दोन. ही आमची खूण.
हजारांच्या कळपातही आपलं ओळखू येतं, तोरुन."
दोन दिवस तो हात धुतला नाही.
जेवताना मांडीवर उपडा ठेवायचे.

बाबा म्हणायचे, पवनचक्क्या आल्या असत्या
तर स्टियान आज घरी बसला नसता.
त्यांच्या जनावरांना चरायला डोंगर हवा,
मग आम्ही काय चरायचं?
आई बटाटे पुढे सरकवायची.

एकदा बस चुकली, चालत निघालो.
पाटीपाशी नीलासनं हातमोजा काढला,
एका भोकात बोट घातलं.
"ज्याचा कोणाचा असेल, नेम चांगला आहे,"
म्हणाला, आणि हसला.
मीही हसले.

मला माहीत होतं बंदूक कोणाची.
माहीत होतं, टॉर्च कोणी धरला होता
भावाशेजारी उभं राहून, चौदाव्या वर्षी,
गंमत म्हणून मोजत,
आठ, नऊ, दहा.

मार्चमध्ये सांगून टाकलं.
आधी त्याला, मग पोलिसांना.
निदान क्रम तरी चुकवला नाही.
स्टियानला दंड झाला.
बाबांनी चार महिने माझ्याकडे
काही मागितलं नाही, मीठसुद्धा.
नीलास एवढंच बोलला:
"टॉर्चचं मी सोडून दिलं असतं. लहान होतीस.
पण त्या दिवशी तू माझ्याबरोबर हसलीस."
आणि बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसू लागला.

मला वाटायचं, खरं बोललं की
काहीतरी परत मिळतं.

उन्हाळ्यात नवी पाटी आली, गुळगुळीत.
सायकल थांबवून मी खालचं नाव वाचते, मोठ्यानं,
आसपास कोणी नसताना.
परवा गाडीत बाबा शेजारी असतानाही वाचलं.
त्यांनी रेडिओ मोठा केला,
मग, का कोण जाणे, पुन्हा लहान केला.
मधलं अक्षर अजून चुकतं.