टाच

दुपारच्या सुट्टीत
शारजाच्या त्या इटालियन हॉटेलात
आम्ही छताखालीच पडलो होतो, पुठ्ठ्यांवर.
वर सकाळीच ताणलेलं व्हिनाइल,
त्यावर छापलेलं पाचशे वर्षांपूर्वीचं छत.

मी जी.डी. आर्ट. म्हणालो,
मूर्तिकार मोठाच, पण रंगात कच्चा.
आभाळ नाही, झाड नाही,
नुसती माणसं.

यल्लाप्पा धोत्रे, आज्यापासून पाथरवट,
सात वर्षं इथला मार्बल कापून खोकणारा,
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, ह्यानं आधी घण उचललेला.
ती टाच बघा.
समदा भार तिथं उतरलाय.
रंगवणाऱ्याला पाऊल दिसतं,
टाच दगडवाल्यालाच ठावी.

मान मोडली असंल पर, बाबाची.

मी पुस्तकातलं काहीबाही सांगत राहिलो.
तो शिडीवर चढला,
दगड पारखतात तशी
बोटाच्या पेरानं टाच ठोकली.

पोकळ.
प्लास्टिक थरथरलं,
सगळी माणसं जागच्या जागी हलली.

तो हसला नाही.
छपाई खोटी हाय, म्हणाला.
टाच खरी.

तीन वाजले. फोरमनची शिट्टी.
तो उतरताना पहिल्यांदाच पाहिलं मी
शिडीवर पाय कुठं टेकतो ते.