लाल गोल

रात्री अकराला, मोबाईलच्या नेटवर,
सॉफ्टवेअर आपोआप नवं झालं.
त्यानं विचारलं असेल मला,
पण इंग्रजीत, आणि माझे डोळे मिटत होते.

सकाळी खोली उघडली.
भिंतीला अंड्यांचे ट्रे तेच,
दाराला धानाची बारदानं तीच,
"पंखा बंद करा" ही पाटी, तिच्यातली वेलांटीची चूक,
सगळं जागच्या जागी.
स्क्रीन मात्र राखाडी,
कालच्या चुलीतल्यासारखी.

लाल गोल नाही.

नऊ वर्षं तो खाली, डाव्या कोपऱ्यात होता.
अनुसयाबाई लांजेवारनं पहिल्याच दिवशी
कपाळाची टिकली काढून त्याच्यावर लावली होती,
"म्हंजे काचेतून मले दिसते
तुहं बोट कुठं चाल्लं ते."
टिकली अजून आहे.
तिच्या मागं आता काहीच नाही.

मंडईला अकरा दिवस. पालांदूरची पार्टी बाहेर उभी,
चपला काढून, घसे खाकरून.
मी कोपरे शोधतो आहे.
जुन्या पडद्याच्या चार टोकांना चार स्क्रू काढलेले होते,
खोटे, नुसते चित्रातले.
कधी पाहिले नव्हते मी ते.
गेल्यावर दिसले.

टिकाराम शहारे पेटीचा भाता दाबून म्हणाला,
"पेटीच्या पट्ट्या कोनी रातून बदलून टाकते का बे?
काळी चार उद्या पांढरीत जाऊन बसली
तं मी वाजवू का, का तिले हुडकत फिरू?"
प्रभुदास उके, ज्याचं नाटक, ज्याचे पैसे,
घड्याळाकडं पाहून, "हे शोधाशोध
माह्या तासात धरू नको भाऊ."
अनुसयाबाई काचेपलीकडून हातवारे करत होती,
तिचं काही ऐकू येत नव्हतं,
पण "बाप्पा" हा शब्द ओठांवरून कळतो.
रूपचंद कोडापे काही बोलला नाही.
तो तसाही बोलत नाही.

भाची आली दहावीच्या क्लासवरून, समृद्धी.
"मामा, किती भारी झालं! आधीचं
आजोबांच्या रेडिओसारखं होतं."
दोन मिनिटांत तिला घुमारा सापडला,
पट्ट्यांचे रंग सापडले,
जे मी ढोलकीला पिवळा, पेटीला जांभळा असे
एकेक करून लावले होते.
मला तिचा राग आला.
तिच्याकडं हरवायला काही नव्हतंच.

मग ती थांबली.
"मामा, हे तर चालूच आहे."

एक बारीक रेघ, राखाडीवर राखाडी,
कधीची सरकत होती.
एकेचाळीस मिनिटं.
कुठं बोट लागलं होतं, कुणास ठाऊक.

स्पीकर लावला.
आमचं सगळं भांडण आत होतं.
टिकारामच्या शिव्या, भाता सुटल्याचा उसासा,
प्रभुदासच्या खिशातली नाणी,
आणि काचेपलीकडचा माईक:
"बाप्पा, याले आता वरूनच लिहून येते का
कुठं दाबाचं ते,"
मग गुणगुण, अर्धीच ओळ, मग जांभई.
आणि या सगळ्याच्या खाली
रूपचंदची बोटं, ढोलकीच्या कडेवर,
हळू, न सुटता,
एकेचाळीस मिनिटं एकच ठेका.
त्यानं मान खाली घातली,
चोरी पकडली गेल्यासारखी.
प्रभुदास म्हणाला, "तिसऱ्या अंकातल्या बाजाराले
हे लागन. याचे पैसे नाही देणार पन."

संध्याकाळपर्यंत चार गाणी झाली.
दोन बरी, एक वाईट, एक उद्या पुन्हा.
निघताना अनुसयाबाईनं बटव्यातून
टिकल्यांचं पाकीट काढलं.
"सांग, आता कुठं लावू?"
मी म्हटलं, थांब बाई,
हे अजून हलन.

रात्री एकटा बसलो.
हात आपला जुन्या कोपऱ्यात जातो,
टिकलीला टेकतो, परत येतो.
ती एकेचाळीस मिनिटं मी खोडली नाहीत.
खरं सांगायचं तर
खोडायचं बटनही सापडलं नाही.